कोयता उसाच्या फडात शोभतो, गाडीच्या डिकीत नाही

या पानावर मी एरवी हुमणी, खोडकीड नाहीतर ठिबकावर लिहितो. आज कोयत्यावर लिहितोय. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. ज्याच्या नावानं माणसं मोजली जातात, असं हे पोटाचं अवजार आहे. पण हेच अवजार आता पोरांच्या गाडीच्या डिकीत दिसू लागलंय, म्हणून हा लेख.

माझ्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही. जून महिना होता. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवायला मी गेलो होतो. दोन चुलत भावांची रानं शेजारी शेजारी. एकानं ट्रॅक्टरनं बांध कोरला, असा दुसऱ्याचा आरोप. बाचाबाची सुरू झाली. अशी भांडणं मी नोकरीत शंभर पाहिली असतील. गचांडी धरतात, चार माणसं मध्ये पडतात, आणि दिवाळीला पुन्हा एकमेकांकडं फराळाला जातात.

पण त्या दिवशी धाकट्याचा वीस वर्षांचा पोरगा स्कूटीवर आला आणि त्यानं डिकीतून कोयता काढला. थोरल्यानं उजवा हात आडवा धरला म्हणून मान वाचली. वार मनगटाच्या वर बसला. मी गळ्यातला टॉवेल काढून जखमेवर दाबून धरला आणि त्याला जीपमधून तालुक्याला नेलं. माणूस वाचला. पण नसा आणि स्नायूंच्या दोऱ्या तुटल्यामुळं आजही त्याची मूठ वळत नाही. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. भरती राहिली बाजूला, आता तो तारखांना जातो. एका घरानं दवाखान्यासाठी म्हैस विकली, दुसऱ्यानं वकिलासाठी बैलजोडी. बांध होता दीड हाताचा.

मला एक गोष्ट अजून खाते. आठ दिवस आधी त्याच डिकीत तो कोयता मी पाहिला होता. मी विचारलं, "काय रे, हे कशाला?" तो हसला, "काही नाही साहेब, असू द्यावं जवळ. धीर वाटतो." मीही हसून सोडून दिलं. त्याच वेळी त्याच्या बापाच्या कानावर घातलं असतं तर?

'धीर वाटतो' हेच सगळीकडं ऐकू येतं. पोरांच्या मनात मारायचं नसतं, भिवडवायचं असतं. पण हत्यार जवळ असलं की राग आणि वार यांच्यात वेळच उरत नाही. हात रिकामा असला तर माणूस शिवी देतो, ढकलतो, तेवढ्यात कुणीतरी आवरतं. शिवाय झटापटीत आपलंच हत्यार दुसऱ्याच्या हाती जातं. आणि समोरच्याला कळलं की हा कोयता बाळगतो, तर तोही बाळगतो. मग धीर कुणालाच उरत नाही.

हे फक्त खेड्यातलं नाही. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोजचा झाला होता. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणानं भररस्त्यात मुलीवर कोयता उगारला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी मध्ये पडून तिला वाचवलं. खेड्यापाड्यातून शिकायला जाणारी पोरं दोन्ही प्रकारची असतात. आपलं पोरगं कुठल्या प्रकारचं व्हावं, हे आपण घरी ठरवायचं.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ मधून केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळली आहेत. विळा, कोयता घेऊन रानात जाणाऱ्याला भिण्याचं कारण नाही. पण रात्री दहाला चौकात कोयता कशाला, याचं उत्तर शेतीत सापडत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश असला, तर चाकूच काय, लाठीसुद्धा बाळगता येत नाही. आणि वार झालाच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ आहे. हत्यारानं दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेपसुद्धा.

बांधाचं भांडण बांधावरच मिटवा

हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि खुणांचे दगड रोवून घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. एकमेकांच्या नावावरची जमीन बारा वर्षांहून जास्त काळ अदलाबदलीनं कसत असाल, तर २०२३ साली आलेल्या सलोखा योजनेची तलाठ्याकडे चौकशी करा. तिच्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी नाममात्र, प्रत्येकी एक हजार रुपये ठेवली आहे. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं कित्येक गावांना गावात बसून बोलायची सवय लावली होती. ती सवय मोडू देऊ नका.

वार झालाच तर

स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरा, सोडून सोडून बघू नका. चाकू अंगात रुतला असेल तर उपसू नका, उपसला की रक्त जास्त वाहतं. हळद, चुना, चहापूड भरू नका. १०८ ला फोन लावा. पोलीस केस आहे म्हणून डॉक्टरला उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे.

शेवटी एवढंच, की कामावरून आल्यावर कोयता, विळा पोत्यात गुंडाळून पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. आणि आज संध्याकाळी पोरगं घरी आलं की गाडीची डिकी एकदा उघडून बघा. काही सापडलं तर माझ्यासारखं हसून सोडू नका. मारझोडही नको. समोर बसवा आणि विचारा, बाबा, तुला भीती कुणाची वाटते?

यंदाच्या जूनमध्ये मी त्या गावात पुन्हा गेलो होतो. थोरल्यानं बियाण्याला औषध चोळलं ते डाव्या हातानं. बांध आहे तिथंच आहे.