मतदानापूर्वीचे कर्तव्य

लोकसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या देशात चर्चेला उधाण येते. चावडीवर, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी पंगतीतही दिल्लीत कोणाचे सरकार येणार याचीच वाटाघाट चालते. परंतु नळाला पाणी किती वाजता यावे, गल्लीतील कचरा कोणी उचलावा, गावच्या शाळेचे छप्पर केव्हा दुरुस्त व्हावे, या प्रश्नांचा निकाल ज्या निवडणुकीत लागावयाचा, ती निवडणूक मात्र पुष्कळदा दारावरून निघून जाते आणि सुशिक्षित कुटुंबांनाही तिची फारशी दखल घ्यावीशी वाटत नाही. उमेदवार कोण उभे आहेत हे मतदानाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला विचारले जाते, आणि कित्येकदा तेवढेही विचारले जात नाही.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. दिल्ली विधानसभेच्या 2020 सालच्या निवडणुकीत 62 टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्याच शहरात 2022 साली महानगरपालिकेच्या निवडणुकीला जेमतेम निम्मे मतदार केंद्रावर आले. मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत 2012 साली सुमारे 45 टक्के आणि 2017 साली सुमारे 55 टक्के मतदान झाले. उलट केरळात 2020 सालच्या स्थानिक निवडणुकांत दर चार मतदारांपैकी तीन मतदार घराबाहेर पडले होते. तेव्हा स्थानिक निवडणुकीविषयीची ही उदासीनता अटळ आहे असे समजण्याचे काही कारण नाही.

"माझ्या एका मताने काय होणार आहे?" असा प्रश्न अनेकदा ऐकू येतो. त्याला आकड्यांनीच उत्तर दिलेले बरे. कर्नाटकातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात 2004 साली विजयी उमेदवारास 40,752 आणि पराभूत उमेदवारास 40,751 मते पडली. राजस्थानातील नाथद्वारा येथे 2008 साली एका प्रमुख पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना 62,215 मते मिळाली आणि 62,216 मते मिळवणारा प्रतिस्पर्धी आमदार झाला. मुंबईत 2017 साली एका प्रभागात दोन उमेदवारांची मते अगदी समसमान भरली. अखेर चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवावा लागला. त्या प्रभागात आणखी एकच माणूस केंद्रावर गेला असता, तर जे काम चिठ्ठीने केले ते मतदाराच्या इच्छेने झाले असते. मतदारसंघ जितका लहान, तितके एका मताचे वजन अधिक. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर चार घरांचा आळसही निकाल बदलण्यास पुरेसा होतो.

परंतु केवळ केंद्रावर जाऊन बटण दाबले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. मत विचारपूर्वक द्यावयाचे, तर त्याची तयारी मतदानाच्या दिवसापूर्वी कित्येक आठवडे, किंबहुना कित्येक महिने आधी, घरातच व्हावयास हवी. ही तयारी कोणती, ते येथे क्रमाने पाहू.

कोणते काम कोणाचे?

पहिली गोष्ट म्हणजे, आपण ज्या संस्थेसाठी मत देणार आहोत तिच्या हाती काय आहे, हे माहीत असावयास हवे. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींना व नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. पंचायतींसाठी 29 आणि नागरी संस्थांसाठी 18 विषयांची सूची घटनेला जोडण्यात आली. पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती हे विषय त्यांत आहेत. त्यांपैकी किती अधिकार प्रत्यक्ष सोपवले गेले, ते मात्र राज्याराज्यांत भिन्न आहे. कायदा व सुव्यवस्था, मोठी रुग्णालये, पाटबंधारे, जमीन महसूल हे विषय मुख्यतः राज्य सरकारचे. म्हणून त्यांचा जाब विधानसभेच्या उमेदवारास विचारावयाचा.

हा भेद ध्यानात न घेतल्यास दोन तऱ्हांनी नुकसान होते. नगरसेवकाच्या उमेदवाराने परराष्ट्र धोरणावर भाषण ठोकले तरी आपण टाळ्या वाजवतो. आणि तुंबलेल्या गटाराचा राग आमदारावर काढून नगरसेवकास मोकळे सोडतो. उमेदवार मत मागण्यास आला म्हणजे त्याला साधे दोन प्रश्न विचारावेत: हे काम आपल्या संस्थेच्या अखत्यारीत येते काय? आणि त्यासाठी पैसा कोठून आणणार? ज्याने अंदाजपत्रक पाहिले आहे, त्याचे उत्तर वेगळे येते.

निवडणूक वेळेवर होते किंवा नाही, याकडेही नागरिकाचे लक्ष असावे. स्थानिक संस्थेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. तथापि मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथील कारभार प्रशासकाकडे होता. एवढ्या काळात प्रभागातील नागरिकाला गाऱ्हाणे घेऊन जाण्यासाठी स्वतः निवडलेला प्रतिनिधीच उरला नव्हता. मताचा अधिकार नसला म्हणजे काय होते, याची कल्पना अशा वेळी येते.

यादीतील नाव

दुसरी, आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे मतदार यादी. ओळखपत्र पेटीत जपून ठेवले म्हणजे मताचा अधिकार शाबूत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. ओळखपत्र हे केवळ ओळख पटविण्याचे साधन होय. यादीत नाव नसेल तर कायद्याने मत देता येत नाही.

यादीतून नाव सुटणे किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सापडते. 1951-52 साली झालेल्या त्या निवडणुकीसाठी सुमारे 17 कोटी मतदारांची यादी करण्यात आली. त्या वेळी उत्तर व मध्य भारतातील कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास संकोच केला आणि "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढीच ओळख दिली. अशा नोंदी ग्राह्य धरावयाच्या नाहीत, असा निर्णय पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतला. आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. निर्णय कठोर होता. परंतु स्त्री ही स्वतःच्या नावाने नागरिक आहे, हे त्याने देशाला शिकवले.

आजही यादीचे काम संपलेले नाही. बिहारमध्ये 2025 साली याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत आधीची सुमारे 65 लाख नावे नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणे सांगण्यात आली. वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत, असा आदेश पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिला. यातून प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रारूप यादी प्रसिद्ध होते ती वाचण्यासाठी. तीत नाव नसल्यास दावा करण्याची आणि चुकीच्या नावावर हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते. ती टळल्यावर मतदानाच्या दिवशी केंद्रावर रागावून काही उपयोग होत नाही.

हे काम अवघड नाही. नव्या नोंदीसाठी नमुना 6, नाव वगळण्यासाठी नमुना 7, आणि दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलल्यास नमुना 8, एवढे तीन अर्ज लक्षात ठेवावेत. 1950 या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेला असतो. बहुधा तो आपल्याच भागातील शिक्षक असतो किंवा ती अंगणवाडी सेविका असते. त्यांचे नाव व क्रमांक घरी लिहून ठेवावा. 18 वर्षे पूर्ण होण्याचा हिशेब आता केवळ 1 जानेवारीस नव्हे, तर 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखांसही केला जातो, आणि 17 वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना अर्ज आगाऊ देता येतो. परीक्षेचा अर्ज आपण ज्या काळजीने भरून घेतो, त्याच काळजीने हाही भरून घ्यावा. घरातील वृद्ध माणसे निवर्तल्यावर त्यांचे नाव कमी करवून घेणे, हेही कुटुंबाचेच काम आहे. कारण यादीत राहिलेल्या मृत नावाचा गैरवापर करणारे लोक असतात.

आणखी एक बारकावा आहे. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, आणि स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. महाराष्ट्रात विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागून वापरतात. परंतु उत्तर प्रदेशातील पंचायतींची किंवा केरळातील स्थानिक संस्थांची यादी निराळी तयार होते. म्हणून एका यादीत नाव आहे एवढ्यावर स्वस्थ राहू नये.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांना तर हे विशेष सांगावेसे वाटते. नोकरीच्या निमित्ताने बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे बिऱ्हाड केलेली कित्येक कुटुंबे आपले नाव वर्षानुवर्षे मूळ गावीच ठेवतात. गावाची ओढ समजण्यासारखी आहे. परंतु कायदा मतदाराचे सामान्य वास्तव्य पाहतो, आणि दोन ठिकाणी नाव ठेवण्यास मनाई करतो. ज्या गावचे पाणी आपण पितो आणि ज्या गावच्या शाळेत आपली मुले जातात, त्या गावच्या कारभारात आपला शब्द असावा, हेच योग्य होय.

उमेदवाराची माहिती

तिसरी गोष्ट उमेदवाराची पारख. पूर्वी मतदाराला यासाठी ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 सालच्या निर्णयांनंतर मात्र लोकसभा व विधानसभा यांच्या प्रत्येक उमेदवारास शपथपत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित फौजदारी खटले, झालेल्या शिक्षा, स्वतःची, पतीची वा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे व थकबाकी, तसेच शिक्षण यांची माहिती असते. ही शपथपत्रे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांतही उमेदवारांना अशी माहिती द्यावी लागते.

शपथपत्र वाचताना घाई करू नये. खटला दाखल असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. आंदोलनात रस्ता अडवल्याचा खटला आणि खंडणीचा खटला यांत अंतर आहे. उमेदवार पूर्वी निवडून आलेला असेल, तर त्याचे मागचे व आताचे शपथपत्र शेजारी ठेवून वाचावे. पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली आणि उत्पन्नाचे साधन कोणते सांगितले आहे, हे पाहण्यास हिशेबनिसाची विद्या लागत नाही. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या गृहिणीला ते सहज कळते.

एकही उमेदवार पसंत नसल्यास "वरीलपैकी कोणीही नाही" हा पर्याय 2013 पासून उपलब्ध आहे. मात्र विधानसभेच्या निवडणुकीत या पर्यायाला कितीही मते पडली, तरी उमेदवारांपैकी ज्यास सर्वाधिक मते असतील तोच विजयी ठरतो, हे जाणूनच तो वापरावा.

चर्चा सर्वांची, निर्णय ज्याचा त्याचा

या सर्व गोष्टी घरात मिळून बोलाव्यात. रविवारच्या सकाळी तासभर बसून यादी पाहावी, शपथपत्रे मोठ्याने वाचावीत, मुलांनाही ऐकू द्यावे. परंतु चर्चा एकत्र झाली तरी निर्णय एकट्याचा असतो. घरातील कर्त्या पुरुषाने सांगावे आणि सर्वांनी तेथेच मत द्यावे, ही रीत काही घरांत अद्याप चालते. मत गुप्त ठेवण्याची तरतूद कायद्याने केली आहे, ती केवळ गावच्या पुढाऱ्यापासून नव्हे. सासऱ्यापासून, पतीपासून, मुलापासूनही. कोणास मत दिले हे सुनेला विचारू नये, आणि विचारल्यास तिने सांगण्याचे बंधन नाही. भांडी, साडी वा रोख रक्कम देऊन मत मागणारा तर गुन्हेगार आहेच. पण ती घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो, हे घरातील प्रत्येकास माहीत असावे.

आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत देऊन गेल्याचे केंद्रावर कळले, तर परत फिरू नये. ओळख पटल्यावर केंद्राध्यक्षाकडून वेगळी मतपत्रिका मागून मत देण्याचा हक्क आहे. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी नोकरदारांना पगारी सुटी देण्याचे बंधनही कायद्याने मालकावर घातले आहे. घरकामास येणाऱ्या बाईंनाही त्या दिवशी वेळ मोकळा करून देणे आपल्या हाती आहे.

1935 च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुकांत लोकसंख्येच्या जेमतेम सातव्या हिश्श्याला मताधिकार होता. मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटी होत्या. अस्पृश्य गणलेल्या लोकांच्या मताधिकारासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 सालीच साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. घटनेने या साऱ्या अटी एका फटक्यात दूर केल्या आणि शेतमजूर व गिरणीमालक यांना एकाच रांगेत उभे केले. त्या रांगेत आपली जागा आहे किंवा नाही, हे याच आठवड्यात पाहून घ्यावे. यादी उघडावी, घरातील प्रत्येकाचे नाव शोधावे. आणि आपले झाल्यावर शेजारच्या घरातील आजीचे नावही पाहून द्यावे.