ओला कचरा, सुका कचरा आणि गिटइग्नोर

आयटीवाल्या मित्रमंडळींमध्ये ऊठबस करून मला एक गोष्ट पक्की कळलीय. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कोड मूठभर आणि पसारा ढीगभर! मॅकने गुपचूप टाकलेली डीएस स्टोअर, जुन्या विंडोजची थम्ब्स डॉट डीबी, लॉग फाइल्स आणि जावास्क्रिप्टवाल्यांचा तो महाकाय नोड मॉड्यूल्स फोल्डर. हे सगळं टीममधल्या बाकीच्यांच्या गळ्यात कशाला मारायचं?

लिनस तोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये यावर सिंपल फंडा आहे. प्रोजेक्टमध्ये ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची आणि नको असलेल्यांची नावं एकेका ओळीत लिहायची. ‘स्टार डॉट लॉग’ लिहिलं की त्या आडनावाच्या सगळ्या फाइल्स बाद. (सीव्हीएसच्या जमान्यातही अशीच सोय होती, त्यामुळे सीनियर मंडळींना याचं काही कौतुक नाही.)

इथवर एकदम सही. गोची पुढे आहे. हिंजवडीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या टीममध्ये डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल पहिल्याच दिवशी कमिट झाली. मग कुणीतरी तिचं नाव गिटइग्नोरमध्ये टाकलं आणि सगळे निवांत चहाला गेले. फाइलमधला प्रत्येक बदल मात्र पुढेही कमिट होतच राहिला! कारण गिटइग्नोर फक्त नव्या पाहुण्याला दारात अडवतो. घरात शिरलेल्याला तो हात लावत नाही. त्यासाठी ‘गिट आरएम’ ही कमांड ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडून चालवायची आणि कमिट करायचं. फाइल तुमच्या मशीनवर राहते, गिट तिचा नाद सोडतं. इतरांनी मात्र तो बदल पुल केला की त्यांच्याकडची फाइल उडते, तेव्हा आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणि पासवर्ड? तो जुन्या कमिट्समध्ये तसाच बसलेला असतो, कुणीही मागे जाऊन वाचावा. इतिहास पुसायची टूल्स आहेत, पण ज्यांनी आधीच कॉपी घेतलीय त्यांचं काय करणार? त्यामुळे बॉस, आधी पासवर्ड बदला, साफसफाई नंतर. मैत्रिणीच्या टीमने शेवटी तेच केलं.

फक्त तुमच्याच एडिटरचा कचरा असेल, तर तो ‘डॉट गिट’मधल्या ‘इन्फो’ फोल्डरातल्या ‘एक्सक्लूड’ फाइलमध्ये लिहा, इतरांना पत्ताही लागत नाही. आणि एखादी हवी असलेली फाइलच गिटला दिसेनाशी झाली, तर ‘गिट चेक-इग्नोर’ला ‘व्ही’ जोडून विचारा. कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीने ती अडवलीय, ते तिथल्या तिथे कळतं.