परभणीत पहिला प्लॉट घेताय? आधी कागद, मग इसार

परभणी, सेलू, गंगाखेड या भागातून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "आठ-दहा लाख जमलेत, वसमत रोडला घेऊ का जिंतूर रोडला?" आज त्याचं उत्तर देतो, पण प्रश्न थोडा बदलून. कुठला रोड हे नंतर बघू. आधी विचारायचं, ही जमीन नेमकी कुणाची आणि तो ती मला विकू शकतो का? परभणीत नवख्या माणसाचे पैसे भाव पडून कमी बुडतात, कागदात अडकून जास्त बुडतात.

असं का? इतिहास बघा. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली. त्यामुळे इथल्या जमिनींना पुणे-साताऱ्यापेक्षा वेगळे कायदे लागू आहेत. कुळांसाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, इनामांसाठी १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा. निजामाच्या काळात उपजीविकेसाठी दिलेल्या जमिनी म्हणजे मदतमाश, आणि देऊळ, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या म्हणजे खिदमतमाश. अशा जमिनींच्या विक्रीवर बंधनं असतात. वरून प्लॉटिंग झालेलं दिसतं, मुरूम टाकलेला असतो, कमानही उभी असते. पण खाली मूळ जमीन कुठली आहे, ते कमानीवर लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिलं काम सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यात तीन जागा बघायच्या. पहिली, भोगवटादार वर्ग. वर्ग-१ असेल तर मालकाला विकायला सहसा अडचण नाही. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करायचा नाही. दुसरी, 'इतर हक्क'. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं इथे सापडतं. तिसरी, फेरफार क्रमांक. प्रत्येक फेरफार काढून वाचायचा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली ते कळतं. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि मराठवाड्यात एक पाऊल मागे जाऊन १९५४-५५ चं खासरा पत्रकही काढायला सांगा. इनामाचा आणि कुळाचा माग तिथे लागतो. जागा सिटी सर्व्हेत असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघायचं.

दुसरी गोष्ट बहिणींची. जमीन वडिलोपार्जित असेल आणि फक्त भाऊ विकत असतील तर थांबा. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. "बहिणी काही मागत नाहीत हो" हे वाक्य कोर्टात चालत नाही. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात.

तिसरी गोष्ट गुंठ्याची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेताच्या कडेला दोन-तीन गुंठे स्वस्तात मिळतात आणि सोबत १०० किंवा ५०० रुपयांच्या बाँडवर नोटरी करून देतात. नोटरीने मालकी येत नाही. मुखत्यारपत्र आणि साध्या करारावर केलेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. त्यात शेतजमिनीला तुकडेबंदी आहे. २०२३ च्या अधिसूचनेने परभणीसह ३२ जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरलं. जुन्या व्यवहारांना शासनाने सवलती दिल्या आहेत. पण "पुढे नियमित होईल" या आशेवर आज पैसे गुंतवणं म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयावर आपली बचत लावणं. शिवाय शेतजमीन घ्यायची तर आपण स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

मग नवख्याने घ्यायचं काय? माझ्या मते मंजूर लेआउटमधला, आजूबाजूला चार घरं उभी असलेला, दुसऱ्यांदा विक्रीला आलेला प्लॉट. त्याचा अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि आधीचं खरेदीखत मागायचं. नवीन प्लॉटिंग असेल आणि जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर महारेरा नोंदणी क्रमांक विचारायचा. क्रमांक दिला की महारेराच्या साइटवर जाऊन स्वतः तपासायचा, नुसत्या माहितीपत्रकावर भरवसा नको. बँकेच्या लिलावातली घरंही बघता येतात, पण ती 'आहे तिथे, आहे तशी' विकतात. बोली लागली की २५ टक्के लगेच आणि उरलेले साधारण १५ दिवसांत भरावे लागतात. पहिल्या खरेदीला ही घाई झेपत नाही.

आता हिशेब. उदाहरण म्हणून ३० बाय ४० चा प्लॉट, १,२०० चौरस फूट, भाव १,००० रुपये धरू. झाले १२ लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ७२,०००, नोंदणी १ टक्का म्हणजे १२,०००. वकील आणि मोजणी सोडून १२ लाख ८४ हजार गेले. हेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते तर दहा वर्षांत करापूर्वी साधारण सव्वापंचवीस लाख झाले असते. म्हणजे दहा वर्षांनी तुमच्या प्लॉटचा भाव २,१०० च्या वर गेला तरच तुम्ही ठेवीच्या पुढे. मोकळा प्लॉट भाडं देत नाही, हे विसरायचं नाही. आणि मुद्रांक शुल्क करारातली रक्कम किंवा रेडीरेकनरची किंमत, यात जी जास्त तिच्यावर लागतं. म्हणून रेडीरेकनर आधीच बघून ठेवा.

एजंट सांगेल, "समृद्धीचा जालना-नांदेड जोडरस्ता इकडून चाललाय, मेडिकल कॉलेज झालंय, भाव डबल होणार." रस्ता आणि कॉलेज खोटं नाही. पण तुमचा गट नंबर त्या रस्त्यापासून किती लांब, मधे नाला आहे का, पावसाळ्यात पाणी साचतं का, पोचरस्ता नकाशावर आहे का, हे तो सांगणार नाही. म्हणून एकदा भर पावसात जाऊन या. शेजारच्या घरात पाणी प्यायला थांबा. "लाइट कधी आली? नळ आहे का? कुणाचा काही वाद?" एवढं विचारलं की अर्धी माहिती मिळते.

शेवटी क्रम लक्षात ठेवा. जागा बघणं, सातबारा आणि फेरफार, वकिलाचा अहवाल, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि मग इसार. इसार पावतीत "कागदात दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत" ही ओळ लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या. एक सोपी चाचणीही आहे. कर्ज नको असलं तरी तो प्लॉट घेऊन बँकेत जा आणि कर्ज मिळेल का ते विचारा. बँकेने कागद बघून नाही म्हटलं, तर का म्हटलं ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समोरचा म्हणेल, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." येऊ द्या. परभणीत प्लॉट पुन्हा मिळतो, दहा वर्षांची बचत पुन्हा जमत नाही. पुढच्या भागात खरेदीखत ओळीओळीने कसं वाचायचं ते बघू. तोवर नमस्कार.