बॅटरी किती वेळ चालेल?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत रिमोटच्या मोटारगाडीवरील लेख पाहून काही सहकाऱ्यांना आश्चर्य वाटेल. मधुमेह, रक्तदाब, फार तर प्रवासवर्णन, असे विषय आपल्याकडे रूढ आहेत. तरीही या खेळण्याने मला जे शिकविले ते माझ्या रोजच्या व्यवसायात उपयोगी पडले, म्हणून ते आपणांपुढे ठेवावे असे वाटते.

माझे वास्तव्य तुकईथडचे. सातपुड्याच्या कुशीतील, अकोला-खंडवा रेल्वेमार्गावरील हे गाव बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येते. या मार्गावरील मीटरगेजच्या गाड्या २०१७ साली थांबल्या, आणि तेव्हापासून लहानसहान वस्तूंसाठीही रस्त्याने बुऱ्हाणपूर किंवा खंडवा गाठावे लागते. अशा ठिकाणी सुटीला आलेला नातू रिमोटची गाडी घेऊन येतो आणि पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "आजोबा, डब्यावर वीस मिनिटे लिहिले आहे, मग ही दहा मिनिटांतच का थांबते?" प्रश्न लहान मुलाचा असला तरी त्याचे उत्तर पुरते समजून घ्यावयास मला बरेच दिवस लागले.

मूळ हिशेब आपल्या परिचयाचा आहे. ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा असतो. रुग्णाला मिनिटाला २ लिटर द्यावयाचे असतील तर तो ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास पुरतो. साठा भागिले खर्च, इतकेच ते गणित. बॅटरीचा साठा ॲम्पिअर-तासांत मोजतात. १.५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतून गाडीने सरासरी ६ ॲम्पिअर प्रवाह घेतला, तर ती पाव तास चालेल. बॅटरीवर साठा छापलेला असतो, खर्च मात्र कोठेही छापलेला नसतो. तो गाडी, जमीन आणि चालविणारा यांवर ठरतो.

या छंदातील जुन्या खेळाडूंना हे पक्के ठाऊक होते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली आणि पुढील काळात या छंदाचा जगभर प्रसार झाला. एकास बारा प्रमाणातील विद्युत मोटारींच्या शर्यतीची मुदत आठ मिनिटांची असे. त्या काळी निकेल-कॅडमियमचे १.२ व्होल्टचे सहा सेल जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी करीत, आणि तिची क्षमता १.२ ॲम्पिअर-तास असे. आठ मिनिटे पुरवावयाची तर सरासरी ९ ॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊन चालत नसे. सुरुवातीस सुसाट पळणाऱ्याची गाडी सातव्या मिनिटाला मंदावे, आणि राखून चालविणारा पुढे निघून जाई. वेगाइतकीच काटकसरही ती शर्यत जिंकून देत असे.

आमच्या अंगणातही हेच अनुभवास आले. नातवाने एका वहीत तारीख, जागा आणि मिनिटे लिहिण्यास आरंभ केला. गुळगुळीत फरशीवर गाडी सर्वांत जास्त वेळ चालली. गवतात आणि भुसभुशीत मातीत तिची धाव चटकन आटोपली. थांबलेल्या गाडीला पुन्हा गती देताना मोटार सर्वाधिक प्रवाह ओढते. त्यामुळे सतत पुढे-मागे करणाऱ्या मुलाची बॅटरी, एका संथ वेगाने फेऱ्या मारणाऱ्या मुलाच्या आधी संपते. मोटारीच्या दांड्यावरील लहान दातेरी चाक बदलून अधिक दात्यांचे बसविले की वेग वाढतो, पण प्रवाहाचा खर्चही वाढतो. चाकाच्या आसात केस किंवा दोरा गुंतला तरी काही मिनिटे कमी होतात. गाडी थांबल्यावर मोटारीला हात लावून पाहावा. ती चटका देण्याइतकी तापली असेल तर साठ्याचा मोठा भाग गती देण्याऐवजी उष्णतेत गेला, असे समजावे.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या वयाची. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढत जातो. मीटर लावून पाहिले तर व्होल्टेज पुरेसे दिसते. पण मोटारीने प्रवाह मागताच ते कोसळते. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली जाऊ देणे धोक्याचे असते, म्हणून वेग-नियंत्रक यंत्र त्याआधीच मोटार बंद करते. थोडा वेळ विश्रांती दिली की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि गाडी आणखी थोडी चालते. आपल्या रुग्णांचे याहून वेगळे नाही. विश्रांतीच्या अवस्थेतील कार्डिओग्राम निर्दोष येतो आणि ट्रेडमिलवर चढविल्यावर हृदयाची खरी स्थिती उघड होते. बॅटरीचीही परीक्षा भार टाकूनच घ्यावयास हवी.

हे सारे खेळापुरतेच राहिले असते, तर मी लेखणी हाती घेतली नसती. गावातील एका वृद्ध रुग्णास फुफ्फुसाच्या जुन्या विकारामुळे घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, रात्री लाईट गेली तर मशीन किती वेळ चालेल? दुकानदार म्हणाला, पाच तास." मला नातवाच्या गाडीचा डबा आठवला.

दुकानदाराचा हिशेब कागदावर बरोबर होता. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्याला कॉन्सन्ट्रेटरच्या सुमारे ३५० वॅटने भागले की पाच तास येतात. परंतु इन्व्हर्टर स्वतःही काही वीज खातो. तो जमेस धरला की बॅटरीवरील भार ३४ ॲम्पिअरच्या आसपास जातो. शिवाय इन्व्हर्टरच्या बॅटरीवरील १५० हा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात ॲम्पिअरने, रिकामी केल्यास मिळणाऱ्या साठ्याचा असतो. प्रवाह वाढला की शिसे-आम्ल बॅटरीतून मिळणारा साठाच घटतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ साली मांडला. सिलिंडरचे तसे नसते. नळी किती मोकळी सोडली यावर आतील ऑक्सिजन कमी होत नाही. बॅटरीला मात्र घाई महागात पडते. हे सारे धरता नवी बॅटरीही तीन तासांच्या आसपासच पुरेल, आणि त्या घरातील बॅटरी तर चार पावसाळे पाहिलेली होती.

आम्ही दिवसाउजेडी परीक्षा घेतली. रुग्णास सिलिंडरवर ठेवले, कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालू केला आणि घड्याळ लावले. दीड तास भरण्याआधीच इन्व्हर्टरची शिट्टी वाजू लागली. मुलगा काही क्षण काहीच बोलला नाही. त्याच आठवड्यात घरी भरलेला जादा सिलिंडर आला, पंखा आणि दूरदर्शन संच इन्व्हर्टरवरून काढले गेले, आणि तास उलटताच सिलिंडर जोडावयाचा असे घरातील सर्वांना शिकविले गेले. त्या पावसाळ्यात एका वादळी रात्री वीज पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी मी गेलो तेव्हा आजोबा चहा पीत बसले होते.

सहकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या दवाखान्यातील सक्शन मशीन, नेब्युलायझर, कॉन्सन्ट्रेटर, यांपैकी जे जे बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर अवलंबून आहे, त्याची दर तीन महिन्यांनी खऱ्या भाराखाली परीक्षा घ्यावी. मिळालेली मिनिटे आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्रावरच चिकटवावी, आणि गरजेच्या वेळी त्या आकड्याच्या निम्म्यावरच विसंबावे. घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनाही ही परीक्षा आपल्या देखरेखीखाली, पर्यायी सिलिंडर जोडूनच करावयास सांगावे. डब्यावरचा आकडा कारखान्यातील असतो. आपल्या घरातला आकडा आपणच मोजावा लागतो, आणि तो लाईट असतानाच मोजून ठेवावा.