खोली भावाला, फंड बायकोला, जमीन सगळ्यांच्या नावावर : गिरणगावात वारसा कसा चालायचा?

लालबाग-परळच्या गिरण्यांत राबलेला माणूस कोकणातल्या किंवा घाटावरच्या प्रत्येक गावात निघतो. नवरा मुंबईत, बायको-पोरं गावाकडे, दर महिन्याला मनीऑर्डर, असा हा संसार पिढ्यानपिढ्या चालला. पण कामगार वारला की त्याच्या माघारी बायकोला काय मिळायचं? मुंबईची खोली कोणाची, गिरणीचा पैसा कोणाचा आणि गावची जमीन कोणाची, या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी होती. आजही गावोगावी भावकीत जे तंटे चालू आहेत, त्यातल्या बऱ्याच तंट्यांचं मूळ इथंच सापडतं.

आधी फक्त पोटगी

इंग्रजांच्या काळात हिंदूंच्या वारशाचा निवाडा धर्मशास्त्राच्या आधारे व्हायचा. महाराष्ट्रात मुख्यतः मिताक्षरा चाले. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला जास्त मान होता.

कुटुंब एकत्र असेल तर नवऱ्याचा हिस्सा त्याच्या मरणानंतर भाऊ आणि मुलांकडे जायचा. विधवेला अन्न-वस्त्र आणि राहायला जागा एवढाच हक्क. नवरा वाटणी करून वेगळा झालेला असेल आणि मुलगा नसेल, तरच मालमत्ता बायकोकडे यायची. तीही हयातीपुरती. उत्पन्न खायचं, पण कर्जफेड किंवा पोरीचं लग्न असं खरंच गरजेचं कारण असल्याशिवाय विकायचं नाही. ती गेली की मालमत्ता परत नवऱ्याच्या वारसांकडे. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच, स्त्रीधन.

मुंबई इलाख्यात एक गोष्ट मात्र वेगळी होती. इथं मुलीला वारशाने मिळालेली बापाची मालमत्ता पूर्ण मालकीची मानली जायची. बहिणीलाही वारसांत वरची जागा होती. इतर अनेक प्रांतांत बहीण १९२९ च्या कायद्यानंतर वारसांत आली.

रखमाबाईंच्या घरातलं उदाहरण

गिरगावातल्या डॉ. रखमाबाईंचा खटला सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली मालमत्तेची बाजू फारशी कोणी सांगत नाही. रखमाबाई १८६४ च्या. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं.

१८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली होती, पण त्यातच एक मेख होती. लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपायचा, जणू ती मेलीच. जयंतीबाईंनी दुसऱ्या लग्नाआधी ती मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत म्हणून दादाजींनी १८८४ साली दावा लावला. त्यांचा डोळा मालमत्तेवर आहे, असं रखमाबाईंच्या बाजूने सांगितलं जायचं. १८८५ ला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, १८८७ ला विरोधात गेला. शेवटी १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

विमा आणि देशमुख कायदा

नोकरदार माणसाकडे वतन नाही, जमीन नाही. त्याने बायकोची सोय कशी लावायची? १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे विमा उतरवला तर ती रक्कम त्यांचीच, सावकाराला तिला हात लावता येत नाही, अशी त्यात तरतूद होती. हिंदू, मुसलमान, शीख, जैनांना ही तरतूद आपल्याकडे १९२३ पासून लागू झाली. विमा एजंट आजही याला ‘एमडब्ल्यूपी’ म्हणतात.

मोठा बदल झाला १९३७ साली. मुंबईचे सर्जन आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद डॉ. गो. वि. देशमुख यांनी आणलेल्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला. वाटणी मागण्याचाही हक्क आला. मालकी मात्र अजून हयातीपुरतीच होती. शिवाय हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, असा अर्थ फेडरल कोर्टाने १९४१ साली लावला. त्यासाठी प्रांतांना स्वतंत्र कायदे करावे लागले.

हयातीपुरती ही अट १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने काढली. बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस झाले. भाऊ दुसऱ्या वर्गात गेला. बाईच्या ताब्यातली हयातीपुरती मालमत्ता पूर्ण मालकीची झाली. नवऱ्याकडून एकदा मिळालेला हिस्सा पुन्हा लग्न केलं म्हणून जाण्याचंही संपलं.

खोलीचा हिशोब वेगळा

गिरणगावात खरी अडचण व्हायची ती चाळीतल्या खोलीची. खोली मालकीची नव्हती, भाड्याची होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात वारशाचा नियम साधा नव्हता. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर त्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेकरूपण जायचं. म्हणजे नुसतं नातं पुरेसं नव्हतं, मुक्काम पाहिजे.

आता गिरणी कामगाराचा संसार डोळ्यापुढे आणा. दहा बाय बाराच्या खोलीत भाऊ, पुतण्या, भाचा, गावचे दोघं-चौघं. बायको गावाला शेती आणि सासू-सासरे सांभाळतेय. नवरा गेला की रेशनकार्डावर आणि भाडेपावतीच्या व्यवहारात असतो तो भाऊ किंवा पुतण्या. खोली त्याच्याकडे राहते. बायको कायद्याने पहिल्या वर्गाची वारस असली तरी खोलीत तिचा मुक्काम नव्हता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही बरोबर राहण्याची ही अट आहे. पागडीच्या खोलीला पुनर्विकासात मोठी किंमत आली, तशी घराघरांतली बोलचालही बंद झाली.

गिरणीच्या पैशाचं गणित

कामावर अपघाती मृत्यू झाला तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने पैसे मिळत. मालकाने ते परस्पर नातेवाइकांच्या हातात द्यायचे नाहीत, आयुक्तांकडे भरायचे आणि आयुक्तांनी अवलंबून असलेल्यांत वाटायचे, अशी सोय होती. गावाकडच्या बायकोसाठी हे मोठं संरक्षण होतं.

१९५२ ला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला, त्यात कापड गिरण्या पहिल्यापासून होत्या. १९७१ ला फॅमिली पेन्शन, १९७२ ला ग्रॅच्युइटीचा कायदा आला. फंडात लग्नाआधी भावाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं असेल तर लग्नानंतर ते बाद ठरतं, नवीन नाव द्यावं लागतं. त्यामुळे खोली गेली तरी फंडाचा पैसा बऱ्याचदा बायकोपर्यंत पोचला.

नॉमिनी म्हणजे मालक, असं बरेच जण समजतात. विम्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच सांगितलं, की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो.

आज याचा काय उपयोग?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हजारो कामगार कायमचे गावी परतले. म्हाडाच्या गिरणी कामगार घरयोजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार धरले जातात. कामगार हयात नसेल तर वारस अर्ज करतो. इथं पुन्हा तोच प्रश्न येतो, वारस कोण?

गावात सातबारावर वारसनोंद झाली म्हणजे मुंबईतला हक्क सिद्ध झाला असं होत नाही. तसंच मुंबईची खोली भावाकडे आहे म्हणून गावच्या जमिनीतला किंवा गिरणीच्या पैशातला विधवेचा हिस्सा कमी होत नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कायद्याने चालतात. म्हणून ट्रंकेत पडलेलं गिरणीचं तिकीट, हजेरी कार्ड, फंडाची स्लिप, भाडेपावती, जुनं रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला हे कागद टाकून देऊ नयेत. म्हातारी आई हयात असताना तिच्या समोरच ते एका पिशवीत नीट लावून ठेवावेत. कोणता कागद कशाचा, हे अनेक घरांत आता तिच्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.