वळिवड्याचा स्तंभ आणि गावोगावचे नाव नसलेले दगड

गांधीनगरला होलसेल कापड घ्यायला अख्खा दक्षिण महाराष्ट्र जातो. ही पेठ एका निर्वासित छावणीच्या जागेवर उभी आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? फाळणीनंतर तिथे सिंधी बांधव आले. त्याआधी, 1943 ते 1948 या काळात, वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले.

1939 मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो लोकांना सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केले. इराणमार्गे जिवंत सुटलेल्यांपैकी काही पंचगंगेकाठी पोहोचले. 1940 मध्ये कातीन आणि इतर ठिकाणी सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी, पोलीस व सुशिक्षितांना गोळ्या घालून खड्ड्यांत पुरण्यात आले. मॉस्कोने हा गुन्हा 1990 पर्यंत नाकारला. आज कातीनला दफनभूमी आहे, स्मारक आहे, लोक पाहायला जातात.

वळिवड्यात सामूहिक कबर नाही. छावणीत वारलेल्यांच्या साध्या कबरी कोल्हापुरात आहेत. पण त्या टिकल्या, कारण इथे वाढलेली मुले म्हातारपणीही परत येत राहिली. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ झाला, 2019 मध्ये वळिवड्यात झाला. वॉर्सॉत कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. चांगले झाले. परक्याला आसरा देणारी माती आपली आहे, याचा आनंद आम्हालाही आहे.

आता आपला प्रश्न. पहिल्या महायुद्धात याच पट्ट्यातली पोरे मेसोपोटेमियात गेली. गावोगावी संगमरवरी पाट्या लागल्या: या गावातून इतके गेले, इतके मेले. नाव नाही, फक्त आकडा! बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांची संख्या लिहिली. ब्रिटिशांच्या युद्धकबर आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाची माफी मागितली. शंभर वर्षांनी! महारांची पलटण 1917 मध्ये उभी केली आणि 1921 मध्ये मोडली; गरज सरली. जो शिपाई सीमेवर चालला, तो गावच्या पाणवठ्यावर चालला नाही.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर मात्र नावे आहेत. कंपनीच्या 49 मृतांत 22 महार. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि कोणत्याही पर्यटन खात्याने न बोलावता लाखो पाय दरवर्षी तिकडे वळतात. 2018 च्या दगडफेकीनंतरही ते थांबले नाहीत. नावे कोरलेली होती म्हणून वाचता आली. गावच्या पाटीवर वाचायला काहीच नाही.

वळिवड्याला पर्यटनस्थळ जरूर करा. पण फलकावर फक्त संस्थानाचे औदार्य लिहून भागणार नाही. पाच हजार माणसांचे पाणी कोणी भरले, मैला कोणी वाहिला, कबरी कोणी खोदल्या? तीही नावे शोधा. आणि तोवर आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातली ती पाटी धुवून पुसून पाहावी, आकडा टिपावा, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून त्या आकड्यापुढे नावे लिहायला घ्यावीत. म्हातारे फार उरलेले नाहीत.