ओव्हल आणि रोड सर्किट एकाच फेरीत : मोंझा ते शार्लट

ओव्हल ट्रॅकची वळणे बाहेरच्या कडेला उचललेली असतात. या तिरपेपणाला बँकिंग म्हणतात आणि त्यामुळे गाडी फारसा वेग न सोडता वळते. रोड सर्किटची वळणे बहुतांशी सपाट, कधी डावी तर कधी उजवी असतात. तिथे वेळ वाचतो तो ब्रेक नेमका कुठे दाबला, गिअर कधी बदलला आणि वळणात कोणती रेषा धरली यावर. हे दोन्ही प्रकार एका फेरीत जोडणारी मोजकी सर्किटे विसाव्या शतकात उभी राहिली. त्यांवरच्या शर्यतींचा इतिहास पाहिला, तर अनेक निर्णायक प्रसंगी कसोटी लागली ती टायरची.

त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. अमेरिकेतील डेटोना ओव्हलचे बँकिंग ३१ अंशांचे आणि वळणाची त्रिज्या सुमारे ३०० मीटर आहे. हिशेब केला तर ताशी १५० किलोमीटरच्या आसपास गाडी टायरच्या पकडीची फारशी मदत न घेताच वळते. वेग ३०० वर गेला की ती पकड पणाला लागते, शिवाय गाडी ट्रॅकवर तिच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भाराने दाबली जाते. त्यातला मोठा वाटा बाहेरच्या बाजूच्या टायरवर येतो. हा भार पेलायला स्प्रिंग कडक लागतात, तर आतल्या सपाट वळणांवर त्या थोड्या मऊ असलेल्या बऱ्या. सरळ पट्ट्यावरच्या वेगासाठी गाडीला खाली दाबणारी विंग लहान हवी, संथ वळणांसाठी मोठी. त्यामुळे गाडीची प्रत्येक जुळणी तडजोडीचीच ठरते. बँकिंगवरून सपाट भागात उतरताना तर ड्रायव्हरला जोरात ब्रेक लावत असतानाच गाडी वळवावी लागते.

मिलानजवळचे मोंझा १९२२ मध्ये बांधले गेले. साडेपाच किलोमीटरचे रोड सर्किट आणि साडेचार किलोमीटरचा ओव्हल मिळून तिथली संयुक्त फेरी १० किलोमीटरची होती. पॅरिसजवळच्या मोंतलेरीतही १९२४ चा ओव्हल पुढच्याच वर्षी रोड सर्किटला जोडण्यात आला. मोंझात १९५५ मध्ये काँक्रीटचा नवा आणि अधिक चढा ओव्हल तयार झाला आणि इटालियन ग्रां प्रि १९५५, १९५६, १९६० आणि १९६१ अशी चार वेळा संयुक्त मार्गावर झाली. पहिल्याच वर्षी सरावात टायर फुटून ज्युसेप्पे फरिना यांच्या लान्सियाला अपघात झाला आणि लान्सिया गाड्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. पुढच्या वर्षी फेरारीच्या टायरांनी दगा दिला आणि माझेरातीतून स्टर्लिंग मॉस जिंकले. खडबडीत काँक्रीटचा धोका सांगत १९६० मध्ये ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकला. फेरारीच्या फिल हिल यांनी ती शर्यत जिंकली. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वन ग्रां प्रितला तो अखेरचा विजय ठरला. १९६१ मध्ये वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि अनेक प्रेक्षकांचा बळी गेला. हा अपघात रोड सर्किटच्या भागात झाला होता, तरीही त्यानंतर ग्रां प्रि पुन्हा बँकिंगवर गेली नाही. १००० किलोमीटरच्या स्पोर्ट्‌सकार शर्यतीत मात्र त्याचा वापर १९६९ पर्यंत चालला.

डेटोना १९५९ मध्ये सुरू झाले. १९६२ मध्ये तिथल्या संयुक्त मार्गावर तीन तासांची पहिली शर्यत झाली. अखेरीस इंजिन बंद पडले तेव्हा आघाडीवर असलेल्या डॅन गर्नी यांनी लोटस अंतिम रेषेच्या अलीकडे ट्रॅकच्या वरच्या कडेला उभी केली आणि वेळ संपताच उतारावरून रेषेपलीकडे उतरवली. १९६६ पासून ही शर्यत २४ तासांची झाली आणि तो पहिला मान फोर्डमधून केन माइल्स आणि लॉइड रुबी यांनी मिळवला. १९७० च्या दशकात मागच्या सरळ पट्ट्यावर शिकेन, म्हणजे वेग मोडणारे डावे-उजवे वळण आले. त्यामुळे पुढच्या बँकिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचा वेग आवरला.

इंडियानापोलिसमध्ये २००० ते २००७ या काळात फॉर्म्युला वन गाड्या ओव्हलचे एक वळण उलट्या दिशेने घेत. तिथला उतार जेमतेम ९ अंशांचा होता, पण गाड्या ते वळण पूर्ण वेगात घेत असल्याने डाव्या बाजूच्या टायरवर प्रचंड ताण येई. २००५ च्या सरावात राल्फ शूमाकर यांच्या गाडीचा मागचा डावा टायर याच वळणावर फुटला. आपले टायर पूर्ण वेगात दहा फेऱ्यांपलीकडे टिकतील याची मिशेलिनला खात्री देता येईना आणि शिकेन बसवण्याची मागणी नियामक संस्थेने फेटाळली. मिशेलिनच्या १४ गाड्या शर्यतीआधीच्या फेरीनंतर (फॉर्मेशन लॅप) पिटमध्ये परतल्या आणि ब्रिजस्टोनच्या केवळ सहा गाड्या धावल्या. मायकेल शूमाकर जिंकले. जॉर्डनमधून चौथे आलेले नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

नॅसकारची मुख्य मालिका २०१८ मध्ये शार्लटच्या संयुक्त मार्गावर उतरली. तिथे ओव्हलचा २४ अंशांचा उतार आणि आतली घट्ट वळणे मिळून १७ वळणांची फेरी आखली होती. सरळ पट्ट्यांवर शिकेनही होत्या. शेवटच्या शिकेनमध्ये आघाडीचे मार्टिन ट्रूएक्स आणि जिमी जॉन्सन एकमेकांवर आदळले आणि मागून आलेले रायन ब्लेनी जिंकले. २०२० मध्ये हीच मालिका डेटोनाच्या संयुक्त मार्गावरही धावली. इंडियानापोलिसच्या २००८ मध्ये सुरू झालेल्या मोटोजीपी आणि २०१४ पासूनच्या इंडीकार रोड सर्किट शर्यतींनी मात्र ओव्हलचे ते वळण टाळून आतला मार्ग धरला. डेटोनाच्या २४ तासांत बँकिंग आणि आतली वळणे आजही एकाच फेरीत आहेत.